घरात कुणाला बीपी आहे? एक चमचा मिठात किलोभर चिकन, तेही चवदार

छत्रपती संभाजीनगर : बीपी निघालं की डॉक्टर गोळी लिहून देतात आणि जाता जाता सांगतात, "मीठ कमी करा." पेशंट मान हलवतो, बाहेर येतो आणि घरी सांगतो, "आजपासून माझ्या भाजीत मीठ टाकू नका." चार दिवस हे चालतं. मग रविवार येतो, चुलीवर चिकनचा रस्सा चढतो, आणि घरात प्रश्न पडतो की यांचं काय करायचं?

बहुतेक घरांत यावर एकच उत्तर असतं. मीठ टाकायच्या आधी एक वाटी बाजूला काढायची आणि ती अळणी वाटी बीपीवाल्याच्या पुढ्यात ठेवायची. बाकीचे ओरपून खातात, हा माणूस दोन घास खातो आणि लोणच्याच्या बरणीकडे हात नेतो. म्हणजे भाजीतलं मीठ वाचवलं आणि लोणच्यातून दुप्पट गेलं. महिनाभरात वेगळी वाटी बंद होते आणि सगळं पहिल्यासारखं सुरू होतं.

आमचं मत स्पष्ट आहे. वेगळी वाटी काढूच नका. सगळ्या घरासाठी एकच पातेलं, आणि त्या पातेल्यातच मीठ कमी. हे जमतं, आणि चवीला कमी पडत नाही. फक्त नेहमीच्या रस्स्यात मीठ नेमकं कधी, किती आणि कशासाठी पडतं ते आधी समजून घ्यावं लागतं.

किती मीठ म्हणजे कमी?

जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्थाही हाच आकडा सांगते. ५ ग्रॅम म्हणजे चहाचा लहान चमचा, सपाट भरलेला. शिगोशीग नाही. यात भाजी, रस्सा, पापड, लोणचं, चटणी, फरसाण, बिस्किट सगळं आलं. मिठातला जो भाग बीपी वाढवतो तो सोडियम. ५ ग्रॅम मिठात तो साधारण २ ग्रॅम, म्हणजे २,००० मिलिग्रॅम असतो. पाकिटावर मिठाऐवजी बऱ्याचदा सोडियमचा आकडा लिहिलेला असतो, म्हणून हा हिशेब लक्षात ठेवलेला बरा.

आपल्या देशात २०१७-१८ मध्ये मोठी पाहणी झाली, त्यात माणशी रोजचं मीठ सरासरी ८ ग्रॅम निघालं. तुमच्या घरात किती जातं ते कळायला प्रयोगशाळा लागत नाही. मिठाचा नवा पुडा फोडाल त्या दिवशी त्यावर पेनानं तारीख लिहा. घरात पाच मोठी माणसं असतील आणि प्रत्येकी ५ ग्रॅम धरलं तर दिवसाला २५ ग्रॅम होतात. म्हणजे एक किलोचा पुडा ४० दिवस पुरायला पाहिजे. तो २० दिवसांत संपला, तर घरात माणशी १० ग्रॅम मीठ जातंय. जनावरांच्या आंबोणात टाकायचं आणि लोणच्या-पापडाचं मीठ मात्र वेगळ्या पुड्यातून घ्या, नाहीतर हिशेब चुकतो.

कोंबडीचा दोष नाही

कच्च्या चिकनमध्ये सोडियम मुळातच फार नसतं. १०० ग्रॅममागे साधारण ७० ते ८० मिलिग्रॅम, तेही निसर्गतः असलेलं. मग खारटपणा येतो कुठून? आपल्याकडच्या पद्धतीत एकाच भाजीत मीठ तीन वेळा पडतं.

पहिल्यांदा पडतं ते धुताना आणि मुरवताना. "हळद-मीठ लावून ठेव" हे शब्द आपल्या तोंडात इतके बसलेत की हळदीबरोबर मीठ आपोआप येतं. दुसऱ्यांदा कांदा परतताना. मिठानं कांद्याला पाणी सुटतं आणि तो लवकर मऊ होतो, म्हणून चिमूटभर टाकलं जातं. ती चिमूट किती मोठी, ते टाकणाऱ्याच्या हातावर. तिसऱ्यांदा रस्स्याला उकळी आली की, "चवीप्रमाणे". याशिवाय न मोजलेलं चौथं मीठ मसाल्यातून येतं. ते पुढे पाहू.

तीनही वेळचं मिळून किलोभर चिकनला सहज तीन चमचे, म्हणजे १५ ग्रॅमच्या आसपास मीठ जातं. सहा माणसांत वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला अडीच ग्रॅम. दिवसाच्या मिठातलं निम्मं एका जेवणात संपलं, आणि अजून पापड-लोणच्याला हात लागलेला नाही.

खरी गोम पाण्यात आहे

आपल्याला रस्सा पातळ आणि भरपूर लागतो. भाकरी कुस्करायची, वरून दोन पळ्या ओतायच्या, परत एक पळी मागायची. यात वाईट काही नाही, पण मिठाचा हिशेब इथंच बिघडतो. जिभेला खारट लागतं ते मीठ किती टाकलं यावर नाही, तर किती पाण्यात टाकलं यावर. दीड लिटर पाण्यात १५ ग्रॅम मीठ आणि अर्धा लिटर पाण्यात ५ ग्रॅम मीठ, दोन्ही पाणी सारखंच खारट लागतं. पाणी तिप्पट केलं की मीठही तिप्पट मागतं.

म्हणून कमी मिठाच्या चिकनचा पहिला नियम हा की पाणी कमी करा. अंगाबरोबर रस्सा ठेवा, म्हणजे फोडी जेमतेम बुडतील एवढा. किलोला अर्धा ते पाऊण लिटर पाणी पुष्कळ झालं. भातात काही मीठ शिरतं तसं फोडींतही शिरतं, त्यामुळे रस्सा किंचित फिका वाटेल. तेवढी कसर आंबट, भाजलेलं आणि लसूण भरून काढतात.

दुसरा नियम, मीठ एकदाच आणि शेवटी. सुरुवातीला टाकलेलं मीठ फोडींच्या आत जाऊन बसतं आणि जिभेला कमी लागतं. मग आपण रस्सा चाखतो, फिका वाटतो, परत टाकतो. उतरवायच्या पाच मिनिटं आधी टाकलेलं मीठ रस्स्यात आणि फोडींच्या वरच्या थरावर राहतं, जीभ सगळ्यात आधी तिथंच लागते. तेवढंच मीठ जास्त वाटतं.

तिसरं, उकळता रस्सा चाखून मिठाचा अंदाज घेऊ नका. जीभ पोळते आणि चव कळत नाही. चमचाभर बशीत काढा, कोमट होऊ द्या, मग चाखा. निम्म्या वेळा "अजून मीठ पाहिजे" हे वाटणंच बंद होतं.

मीठ काढलं तर जागा कशानं भरायची?

इथं आपला मराठवाडा नशीबवान आहे. आपल्या काळ्या रस्स्याची ताकद मुळात मिठात नाहीच, ती भाजण्यात आहे. सुकं खोबरं निखाऱ्यावर किंवा गॅसच्या जाळावर काळे डाग पडेपर्यंत भाजलेलं, कांदा सालासकट जाळावर धरलेला, तीळ तडतडलेले, धणे-दगडफूल तेलाच्या चार थेंबांवर परतलेलं. जे नीट भाजलं जातं त्याला स्वतःची खमंग, किंचित कडवट, किंचित गोड चव येते आणि तोंड भरल्यासारखं वाटतं. घाई करून पांढरट वाटण टाकलं की रस्सा मिळमिळीत लागतो आणि माणूस मिठाकडे धावतो. कमी मीठ खायचं असेल तर भाजायला दहा मिनिटं जास्त द्या.

दुसरी गोष्ट आंबट. लिंबू, चिंच, दही, टोमॅटो, उन्हाळ्यात कैरी. आंबटानं असलेलं मीठ ठळक लागतं. सगळ्यात चांगलं लिंबू, कारण ते गॅस बंद केल्यावर पिळायचं असतं आणि त्याचा वास टिकतो.

तिसरं आपलं येसर. ज्यांच्या घरी अजून येसर होतं त्यांना सांगायला नको. बाजरी किंवा ज्वारी, थोडे गहू, हरभऱ्याची डाळ, धणे, जिरे, चार मिरे हे वेगवेगळं खमंग भाजून दळलेलं पीठ. लग्नाच्या येसर आमटीला जी दाट, भाजकी चव असते ती यामुळेच. चिकनच्या रस्स्यात दोन चमचे येसर पाण्यात कालवून टाकलं की रस्सा भाकरीला धरून राहतो, पाण्यासारखा वाहत नाही. कमी रस्स्यात पोट भरतं. येसर नसेल तर दोन चमचे शेंगदाण्याचा कूट किंवा थोडं भाजलेलं हरभऱ्याच्या डाळीचं पीठ चालेल, पण येसराची सर नाही. कूट खारवलेल्या शेंगदाण्यांचा नको, एवढं पाहा.

लसूण मात्र हात राखून टाकू नका. किलोला वीस पाकळ्या टाकल्या तरी कुणी तक्रार करणार नाही.

तेल वाढवून चव आणायचा मोह होतो. वर लाल तर्री दिसली की भाजी जमली असं वाटतं. बीपीवाल्या घरात मीठ कमी करून तेल वाढवणं म्हणजे एका खड्ड्यातून दुसऱ्यात.

एक किलो चिकन, सहा माणसं, एक चमचा मीठ

साहित्य असं घ्या : चिकन १ किलो. कांदे ४ मध्यम, त्यातले दोन भाजायला, दोन बारीक चिरायला. सुकं खोबरं अर्धी वाटी. तीळ २ चमचे. लसूण १५ ते २० पाकळ्या, आलं दोन बोटं. कोथिंबीर एक जुडी, देठासकट. दही ३ मोठे चमचे, ताजं, फार आंबट नको. बिनमिठाचा काळा मसाला २ मोठे चमचे, तिखट १ चमचा किंवा झेपेल तेवढं, हळद अर्धा चमचा. येसर २ चमचे. तेल ३ मोठे चमचे. लिंबू १. मीठ चहाचा १ सपाट चमचा. हे मीठ सुरुवातीलाच एका वाटीत काढून ठेवा आणि मिठाचा डबा फडताळात ठेवून द्या. डबा हाताशी असला की हात जातोच.

चिकनला दही, हळद, निम्मं आलं-लसूण वाटून लावा. मीठ नाही. अर्धा तास झाकून ठेवा. दह्यानं फोडी मऊ पडतात, त्यासाठी मिठाची गरज नसते.

तोवर दोन कांदे आणि खोबरं जाळावर भाजा. चूल असेल तर उत्तम, गॅसवर जाळी ठेवून किंवा चिमट्यात धरूनही होतं. खोबरं पेट घेतं, लक्ष ठेवा. काळे डाग पाहिजेत, कोळसा नको, नाहीतर रस्सा कडू होतो. तीळ कोरडे भाजा. हे सगळं, राहिलेलं आलं-लसूण आणि कोथिंबिरीचे देठ घालून बारीक वाटा. पाट्यावर वाटलं तर बरंच, मिक्सरमध्ये वाटलं तर पाणी अगदी थोडं घाला.

पातेल्यात तेल तापवून चिरलेला कांदा टाका आणि मंद आचेवर परता. मीठ न टाकल्यामुळे कांद्याला वेळ लागेल, बारा-पंधरा मिनिटं. करपायला लागला तर दोन चमचे पाण्याचा हबका मारा. कांदा चांगला तांबूस झाला की वाटण टाका आणि कडेनं तेल सुटेपर्यंत परता. ही पायरी उरकू नका. मग काळा मसाला आणि तिखट घाला, ते अर्धा मिनिटच परता, नाहीतर जळतं.

आता चिकन टाका आणि आच मोठी करा. झाकण न ठेवता आठ-दहा मिनिटं हलवत परता. फोडींना पाणी सुटेल, ते आटेल, आणि मसाला फोडींना चिकटून तांबूस होईल. ब्रॉयलरला ही पायरी फार गरजेची आहे. ब्रॉयलरच्या मांसाला स्वतःची चव कमी, ती या परतण्यातून येते. इथं कंटाळा केला तर पुढे दुप्पट मीठ टाकूनही ती चव येत नाही.

नंतर अर्धा लिटर उकळतं पाणी घाला. गार पाणी घातलं की शिजणं थांबतं. झाकण ठेवून ब्रॉयलर २० मिनिटं शिजवा. येसर अर्धी वाटी पाण्यात गुठळ्या न होता कालवून टाका आणि हलवत राहा, तळाला लागतं. पाच मिनिटं राहिली की वाटीतलं मीठ टाका. फोड बोटानं तुटली की गॅस बंद करा. लिंबू पिळा, कोथिंबिरीची पानं टाका, झाकून पंधरा मिनिटं तसंच ठेवा. या पंधरा मिनिटांत रस्सा मुरतो.

सहा जणांत वाटलं तर माणशी एक ग्रॅमपेक्षा कमी मीठ पोटात जातं. नेहमीच्या अडीच ग्रॅमच्या जागी.

गावरान कोंबडी असेल तर हाच प्रकार, पण वेळ वेगळा. वयानुसार ती पातेल्यात तास-दीड तास घेते, कुकरला पाच-सहा शिट्ट्या. पाणी अर्धा लिटर जास्त लागेल, ते शिजता शिजता आटवा. गावरानच्या हाडांतून जो अर्क उतरतो त्यानं रस्सा आपोआप दाट आणि चवदार होतो. मिठाच्या दृष्टीनं पाहिलं तर गावरान कोंबडीच सोयीची.

ज्यांना बीपी बरंच जास्त आहे त्यांनी रस्स्यापेक्षा सुकं करावं. पाणीच नसल्यामुळे मीठ फोडीवरच राहतं, आणि किलोला पाऊण चमचाही पुरतो. वरची सगळी पद्धत तीच, फक्त पाणी एक वाटी, झाकण ठेवून स्वतःच्या वाफेवर शिजवायचं आणि शेवटी झाकण काढून कोरडं करायचं. वरून कुटलेले मिरे आणि लिंबू.

मसाल्याच्या डब्यातलं मीठ

उन्हाळ्यात वर्षाचा मसाला कांडून आणताना त्यात खडे मीठ टाकायची पद्धत बऱ्याच घरांत आहे. मसाल्याला जाळी-कीड लागू नये म्हणून. कांदा-लसूण मसाल्यात तर मीठ असतंच. वर्षभर प्रत्येक भाजीत ते न मोजता जातं. पुढच्या वेळी मसाला बिनमिठाचा कांडा. साहित्य कडकडीत वाळवा, बरणी कोरडी ठेवा, मधे हिंगाचे खडे ठेवा आणि ओला चमचा घालू नका, मसाला टिकतो. यंदाचा मसाला मिठाचाच असेल तर तो फेकायचं कारण नाही. त्या भाजीत वरचं मीठ अर्धा चमचाच टाका.

दुकानातून आणलेल्या चिकन मसाल्याच्या पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं एकदा वाचा. मोबाईलच्या कॅमेऱ्यानं मोठी करून वाचता येतात. साहित्याची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहिलेली असते, म्हणजे जे जास्त ते आधी. मीठ पहिल्या तीन-चार नावांत असेल तर ते पाकीट मसाल्याबरोबर मिठाचंही समजा. पौष्टिक घटकांच्या तक्त्यात १०० ग्रॅममागे सोडियम किती मिलिग्रॅम ते पाहा आणि दोन कंपन्यांची पाकिटं शेजारी धरून कमीवालं घ्या. मीठ न घातलेले मसालेही मिळतात.

खाण्याचा सोडा हाही सोडियमच. त्याच्या एका लहान चमच्यात साधारण १,२०० मिलिग्रॅम सोडियम असतं, पण तो खारट लागत नाही म्हणून कुणी मोजत नाही. कोंबडी लवकर शिजावी म्हणून सोडा टाकण्याऐवजी कच्च्या पपईचा चमचाभर कीस लावा. सोया सॉस आणि अजिनोमोटोतही सोडियम आहे, त्यामुळे चौकातल्या गाड्यावरचं चायनीज चिकन, लॉलीपॉप बीपीवाल्यानं सोडलेलंच बरं. सोलापूर-धुळे हायवेवरच्या ढाब्यावर बसायची वेळ आली तर फोडी खा, रस्सा ताटातच राहू द्या.

ताटातलं बाकीचं

एवढं करून पातेल्यात मीठ कमी केलं आणि ताटात पापड, लोणचं, ठेचा वाढला तर सगळं पाण्यात. उडदाच्या एका पापडात साधारण अर्ध्या ग्रॅम मिठाइतकं सोडियम असतं, कारण त्यात मीठ तर असतंच, पापडखारही असतो. घरच्या कैरीच्या लोणच्यात वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकं किंवा जास्तही मीठ असतं. लोणच्यातलं मीठ कमी करायला जाऊ नका, बुरशी येईल. खाणं कमी करा. ठेचा मात्र कमी मिठाचा होतो. मिरची आणि लसूण तव्यावर चांगलं भाजून, शेंगदाणे जास्त घालून, लिंबू पिळून त्या दिवसापुरताच करा.

ज्वारी-बाजरीची भाकरी ही आपली मोठी सोय आहे. पावात मीठ असतं, भाकरीत टाकायची गरज नसते. पिठात चिमूटभर टाकायची सवय असेल तर ती बंद करा, रस्स्याबरोबर कुणाला कळणारही नाही. सोबत कच्चा कांदा, काकडी, मुळा, मीठ न भुरभुरता. आणि ताटात वरच्या कोपऱ्यात मीठ वाढायची जी पद्धत आहे, तिथं फक्त लिंबाची फोड ठेवा.

एकदम कमी केलं तर घरचे खातील का?

नाही खाणार. जिभेला सवय असते आणि ती सुटायला काही आठवडे लागतात. म्हणून घरात कुणाला न सांगता हळूहळू करा. तीन चमचे टाकत असाल तर या आठवड्यात अडीच, पुढच्या रविवारी दोन, मग दीड. पाणीही तसंच कमी करत या. दीड-दोन महिन्यांत एका चमच्यावर येता येतं आणि तोवर पूर्वीचा रस्सा सगळ्यांनाच खारट लागायला लागतो. बीपीवाल्या माणसानं मात्र दोन महिने थांबायचं नाही. त्यानं पहिल्या दिवसापासून फोडी घ्याव्यात आणि रस्सा एका पळीवर थांबवावा.

सैंधव आणि "कमी सोडियम"वालं मीठ

सैंधव मीठ बीपीला चालतं, असं गावोगाव सांगितलं जातं. हा गैरसमज आहे. सैंधवही बहुतांश तेच मीठ आहे, रंग गुलाबी एवढाच फरक. उलट साध्या आयोडीनयुक्त मिठातून मिळणारं आयोडीन त्यातून मिळेलच असं नाही.

दुकानात हल्ली कमी सोडियमचं मीठ मिळतं. त्यात काही भाग सोडियमऐवजी पोटॅशियमचा असतो. याचा फायदा होतो हे खरं. चीनमध्ये ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर काही वर्षं अभ्यास झाला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वयंपाकात असं मीठ वापरणाऱ्यांमध्ये लकवा मारण्याचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी निघालं. पण हे मीठ सगळ्यांसाठी नाही. किडनीचा त्रास असेल तर ते पोटॅशियम शरीराबाहेर पडत नाही, रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडवू शकतं, जिवावर बेततं. बीपीच्या काही गोळ्यांनीही, जसं टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन, शरीरातलं पोटॅशियम वाढतं. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या बीपीच्या गोळ्यांतही टेल्मिसार्टन असते. तेव्हा असा पुडा घरात आणायच्या आधी गोळ्यांचं पाकीट घेऊन डॉक्टरांना दाखवा. घरात किडनीचा पेशंट असेल तर आणूच नका, साधंच मीठ कमी वापरा.

मीठ पार बंद करणंही चुकीचं. वय झालेल्या माणसाला लघवी वाढवणारी गोळी चालू असेल आणि त्यानं मीठ पूर्ण तोडलं तर रक्तातलं सोडियम खाली जाऊन चक्कर, गळाठा, बरळणं असा त्रास होऊ शकतो. अशी लक्षणं दिसली तर दवाखाना गाठा. जुलाब-उलट्या झाल्यावर ओआरएस द्यायचं असतं, तिथं बीपीचं कारण सांगून मीठ टाळू नका. आणि मीठ कमी केल्यावर बीपी उतरलं तरी गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात बीपी मोफत मोजून मिळतं. तारखेनिशी वहीत लिहून ठेवलं तर गोळी कमी करायची की नाही हे डॉक्टरांना ठरवता येतं.

उरलेल्या रस्स्याबद्दल एक. रात्रीचा रस्सा सकाळी गरम करताना पाणी आटतं आणि तो आदल्या दिवसापेक्षा खारट होतो. म्हणून तापवताना अर्धी वाटी उकळतं पाणी घाला, वरून ताजं लिंबू पिळा. मीठ घालायचं नाही.